अर्धं गाऱ्हाणं

बाबा, गेल्या महिन्यात तुमचा आवाज पुन्हा गावभर ऐकू आला. तिठ्यावरच्या चहाच्या गाड्यावर, मासळीवालीच्या टोपलीशेजारी ठेवलेल्या फोनवर, पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरच्या खिशात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वाड्यावरच्या पोराटोरांना तुम्ही फोटोतलेही ओळखू येणार नाही, पण जुनी माणसं आवाज कानावर पडताच थबकली. एकदोघांनी तर फोनसमोर हात जोडले. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. तो आवाज तिथं मी नेऊन घातला. कशासाठी घातला ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचेनासं झालंय, म्हणून हे लिहायला बसलो. दुकानाचं शटर दुपारपुरतं ओढून घेतलंय. समोरच्या दर्शनी बोर्डावर जेवणाची वेळ लिहिलेली आहे, त्यामुळे कुणी ठोठावणार नाही.

दुकान तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही होतात तेव्हा मी डबे आणि ब्रश घेऊन भिंती रंगवत फिरायचो. आता डिचोलीच्या बाजारात स्वतःची जागा आहे. फ्लेक्स छापतो, लग्नाचे व्हिडिओ करतो, जत्रेचे करतो, कुणी वारलं की श्रद्धांजलीचेही करतो. हात चांगला आहे असं लोक म्हणतात. निवडणूक आली की मात्र सगळे हसरे फोटो आणि जोडलेले हात एकीकडे राहतात आणि खरं काम वेगळंच निघतं. आता कुणाला स्वतःची स्तुती करून नको असते. ह्या वेळी जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत आमच्या मतदारसंघातल्या एका उमेदवाराचा भाचा माझ्याकडे आला, खुर्ची ओढून बसला, आणि मी त्याच्या मामाचे फोटो काढून दाखवायला लागलो तर म्हणाला, "मामाचां कितेंय करूं नाका. बरां पळोवक कोणाक वेळ आसा? तिचां कर." चांगलं बघायला वेळ कुणाला, तिचंच काहीतरी कर, असं. तिचं म्हणजे मामाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या नर्सबायचं.

नर्सबाय तुम्हाला आठवत असेलच. तुमच्या पायाची जखम भरेना तेव्हा उपकेंद्रातून रोज स्कूटरवरून यायची. आल्याआल्या दारातूनच ओरडायची, "गाराणेकारानू, पाय फुडें!" आणि तुम्ही, ज्यांच्यापुढे गावातला जमीनदार भाटकारसुद्धा आवाज खाली करायचा, ते शाळेतल्या मुलासारखा पाय पुढे करायचात. पट्टी बांधून झाली की ती स्वयंपाकघरात आईजवळ पाटावर बसायची आणि चहात पोईचा पाव बुडवून खायची. वास येणारी ती जखम आम्हा मुलांनाही बघवत नव्हती. मी तर काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचो. ती मात्र हात धुवून, त्याच हातानं पोई मोडून, आईला हसवून मग उठायची. अशी चार महिने आली. शेवटच्या दिवशीही तीच होती. तुमचे डोळे तिनं मिटले, मी नाही. निवृत्त झाल्यावर ती गप्प घरी बसेल असं वाटलं होतं, पण डोंगराचं प्रकरण निघालं. देवळामागचा आपला काजूंचा डोंगर कापून तिथं बाहेरच्यांसाठी बंगले करायचं घाटत होतं, आणि ती कागद घेऊन सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागली. मग लोकांनीच तिला उभी केली. तिचं वाईट काय दाखवणार? भाच्यालाही माहीत होतं की काही नाहीये. तो म्हणाला, "ना, म्हणान तर तुज्याकडे आयलां."

इथं मला थोडं मागं जाऊ द्या. जत्रेचा दिवस आहे, गावाच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम तुमचं. तुम्ही देवळासमोरच्या अंगणात उभे आहात, धुतलेलं पुडवं नेसून, उघड्या अंगावर उपरणं, हातात नारळ. सगळा गाव मागं उभा आहे आणि तुमच्या प्रत्येक वाक्यापाठोपाठ "व्हय महाराजा" म्हणतो आहे. अर्ध्यावर आल्यावर तुम्हाला खोकल्याची उबळ येते. थांबता थांबत नाही. कुणीतरी पाणी देतं. तुम्ही पाणी पिता, नारळ पुन्हा नीट धरता आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात करता. ऊन डोक्यावर आलेलं, लोकांचे पाय पोळताहेत, मागून एकजण पुटपुटतो, "रावलां थंयसून धर मरे." तुम्ही मान वळवून नुसते बघता. त्या दुपारी जेवताना मी विचारलं की राहिलं तिथून धरलं असतं तर काय बिघडलं असतं. तुम्ही भात कालवत म्हणालात, "गाराण्यात आदी वायट सांगचां पडता. रोग सांगचो, भांडाण सांगचां, कोणाची वायट नदर आसली ती सांगची. मागीर तां परतूचां. मदींच सोडलां तर वायट तितकां उरता आनी परतूक कोण नासता. अर्धां गाराणां आनी गाळी सारकीच." आई म्हणाली, "जेवताना तरी देवाक सोडा." तुम्ही हसलात. अर्धं गाऱ्हाणं म्हणजे शिवीशाप, हे मला तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं होतं.

दहावी झाल्यावर तुम्ही मला टेपरेकॉर्डर आणून दिलात. गल्फमधून आलेल्या कुणाकडून तरी घेतलेला, एका बाजूचं झाकण नसलेला. त्यावर मी पहिल्यांदा उतरवलं ते तुमचं गाऱ्हाणं. तुम्हाला ऐकवायला गेलो तर तुम्ही कानावर हात ठेवलेत. "देवाक सांगललां तां. माका परत कित्याक आयकयतस?" पण कॅसेट पूर्ण आहे ना, मध्ये तुटली नाही ना, हे दोनदा विचारलंत. पूर्ण होती. त्या वर्षी कुणीतरी डोंगर चिऱ्यांच्या खाणीला द्यायचं चालवलं होतं, म्हणून तुम्ही गाऱ्हाण्यात एक वाक्य जास्तीचं घातलं होतं. "ज्येच्या मनात ह्यो डोंगर विकूचो आसा, त्येची बुद्दी फिरव, महाराजा." मग सगळा गाव, "व्हय महाराजा!" खाण आली नाही. देवामुळे आली नाही की भीतीमुळे ते मला माहीत नाही, पण त्या वर्षापासून तुम्ही ते वाक्य दर जत्रेला म्हणत राहिलात, आणि गावाला ते तोंडपाठ झालं.

आता माझं काम सांगतो. ह्या वर्षीच्या जत्रेचा व्हिडिओ मीच काढला होता. त्यात आताच्या गाऱ्हाणेकाराच्या मागं नर्सबाय गर्दीत पुढे उभी आहे, डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि ती म्हणते, "व्हय महाराजा." तुमची कॅसेट मी केव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. भाच्यानं तुमचा आवाज मागितला नव्हता. त्याला असं काही असतं हेसुद्धा माहीत नव्हतं. कल्पना माझी. तुमचं ते वाक्य घेतलं, "ज्येच्या मनात ह्यो डोंगर विकूचो आसा" इथपर्यंत ठेवलं, पुढचे चार शब्द कापले, आणि त्या जागी तिचा चेहरा लावला. "व्हय महाराजा." म्हणजे डोंगर विकायचं तिच्याच मनात, आणि तिनंच हो म्हटल्यासारखं. खाली अक्षरं, "गावान वळखलां." बस. खोटा एकही शब्द घातला नाही, बाबा. तुमचा आवाज तुमचा, तिचा तिचा, देऊळ आपलंच. मी फक्त चार शब्द काढले. आणि ते जुळलं ना, तेव्हा मला आनंद झाला, हे लपवत नाही. भिंतीवर मोठं अक्षर एका ओढीत साधलं की व्हायचा तसाच. दोनतीनदा पुन्हा लावून बघितलं आणि स्वतःवरच खूश होऊन बाहेर चहा प्यायला गेलो.

मला वाटलं होतं लोक हसतील. देवाशपथ, हेच वाटलं होतं. वाटलं, ह्यातला खोडसाळपणा गावातल्या कुणाच्याही लक्षात येईल, कारण पुढचे चार शब्द प्रत्येकाला पाठ आहेत. बाहेरच्या माणसाला फसवता येईल, गावाला कसं फसवणार? ते अंगणात तिच्या आजूबाजूलाच उभे होते. त्यांनीही त्याच वेळी तेच म्हटलं होतं. मीसुद्धा कॅमेरा धरून तेच म्हटलं होतं. भाच्याला व्हिडिओ दिल्यावर दोन दिवसांनी मी गावी गेलो तर पलीकडच्या घरचे काका अंगणात बसून फोनवर तेच बघत होते. हे काका आयुष्यभर तुमच्या उजव्या हाताला उभे राहिले. "व्हय महाराजा" ची पहिली हाक त्यांची असायची, मागून गाव. मला बघून म्हणाले, "पळयलास मरे? नर्सबाय अशी आसात म्हणान दिसूंक नासलां."

मी म्हटलं, "काका, हां अर्धां आसा. फुडलां तुमका पाठ ना?"

"पाठ आसा तर. 'त्येची बुद्दी फिरव, महाराजा.'" झोपेत विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

"मग?"

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "पूण हांगा तितकांच आसा न्हय? आनी आवाज तर तुज्या बापायचो. तो खोटां सांगचो ना."

मी बोललो नाही की हे मी केलंय. एवढं बोललो असतो तर काकांनी काठी उगारली असती आणि संध्याकाळपर्यंत वाड्यावर झालं असतं, दुसऱ्या दिवशी गावभर. अजून प्रचाराचे सहा दिवस बाकी होते. मी म्हटलं, "आसतला कितें तरी," आणि त्यांच्याकडे केळी मागून घेतली. केळ्यांचा घड हातात घेऊन घरी आलो.

तुम्हाला वाटेल पूर्वीच्या निवडणुका फार सोवळ्या होत्या असं मी म्हणतोय. तसं नाही. तेव्हाही कानात फुंकलं जायचंच. एकदा एका उमेदवारानं तुम्हाला सांगितलं होतं की गाऱ्हाण्यात दुसऱ्याच्या नावानं दोन शब्द घाला, आणि तुम्ही त्याला म्हणालात, "मागूचां आसात तर तूं माग. माज्या तोंडान न्हय." आणि मी भिंती रंगवत होतो तेव्हाची मोरी तर तुम्ही विसरला नसाल. रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर मी एका उमेदवाराच्या बायकोबद्दल एक ओळ लिहिली होती. लिहायला सांगणाऱ्यानं सांगितली, मी लिहिली, अक्षर सुंदर काढलं. तुम्ही सकाळी काजूच्या बोंडांची पाटी घेऊन येताना ती वाचलीत. पाटी तिथंच रस्त्यावर ठेवलीत, घरी येऊन माझ्या हातात बादली आणि नारळाचा काथ्या दिलात आणि मी घासत असताना शेजारी उभे राहिलात. येणारेजाणारे बघत होते. ऑइल पेंट जाता जाईना. शेवटी तुम्हीही खाली बसून घासायला लागलात. हाताची सालं निघाली तरी एक अक्षर कुठंतरी राहिलंच, ते पुढं बरीच वर्षं दिसायचं. मग मला त्या उमेदवाराच्या घरी घेऊन गेलात. त्याची बायको बाहेर आली. तुम्ही मला म्हणालात, "सांग." आणि मी सांगितलं. ती आत गेली आणि दोघांसाठी चहा घेऊन आली. तो चहा मला गिळवेना, तुम्ही मात्र पिऊन, कप विसळून ठेवून मग उठलात.

ह्या वेळी घासायला मोरी नव्हती. मी भाच्याला फोन केला, काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, "आतां कोण काडटलो? तो माज्या हातात थोडोच रावलो?" आणि खरंच राहिला नव्हता. कुणीतरी त्यावर तिच्या बंगल्याचा फोटो चिकटवला होता, मुलानं बाहेरगावाहून पैसे पाठवून बांधलेल्या घराचा. कुणीतरी खाली लिहिलं होतं की तुमच्या औषधांमध्येही तिनं हात मारला होता. तुमच्या औषधांमध्ये, बाबा. जी बाई स्वतःच्या पिशवीतून मलम आणायची. हे मी लिहिलेलं नव्हतं. पण मी जागा मोकळी सोडली होती आणि जो तो येऊन ती आपल्या मनाप्रमाणे भरत होता. पूर्ण व्हिडिओ मी करून टाकू शकलो असतो, चार शब्दांसकट. दोन मिनिटांचं काम होतं. केला नाही. लोक विचारतील की कॅसेट कुणाकडे होती, एवढ्याच भीतीनं केला नाही. दुकान, नाव, सोयरीकसंबंध. मुलीचं लग्न जमायचं आहे. माणूस केवढ्याशा गोष्टींसाठी गप्प बसतो ते मला आता कळलंय, आणि कळून उपयोग काही नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. तुम्ही मला पहिलीत घातलंत तीच खोली. ठरवून गेलो होतो की मत तिलाच द्यायचं, निदान तेवढं तरी. पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभा राहिलो, तिच्या निशाणीवर बोट नेलं, आणि मनात आलं, कुणी सांगावं, असेलही काहीतरी. एवढे लोक म्हणताहेत. कचेऱ्यांत इतक्या खेपा कुणी उगाच घालतं का? हे माझ्या मनात आलं, बाबा. ते चार शब्द मी माझ्या हातानं कापले होते. आठवडाभर जिथं तिथं तेच कानावर पडून पडून मीच माझ्या लबाडीला फसलो. मागून कुणीतरी खाकरलं. मी दुसरं बटण दाबलं. यंत्राचा तो लांबलचक आवाज आला आणि बाहेर येऊन बोटाला शाई लावलेली बघत मी व्हरांड्यात उभा राहिलो. आजही नीट सांगता येत नाही की मी तसं का केलं. ती पडली. एका मतानं नाही, बऱ्याच मतांनी, म्हणजे माझ्या मतानं काही फरक पडला नसता. ह्याचंही मला समाधान नाही.

डोंगरावर आता यंत्रं आली आहेत. काजूला मोहर होता, तो तसाच आडवा पडलाय. गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून बघतात आणि म्हणतात, नर्सबायनंच विकला. निवडून आलेल्याच्या सह्या आहेत तरी म्हणतात. काका तर शपथेवर सांगतात की त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

काल ती दुकानात आली. मी काचेतून तिला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि आत पळून जायची जागा शोधली, पण दुकानाला मागचं दार नाही. वाळली आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. मला वाटलं आता विचारेल. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती म्हणाली, "तुज्या बाबांचो आवाज कितल्या वर्सांनी आयकलो रे. माका रडूक आयलां." मग म्हणाली, "पुरो आसा तुज्याकडे? माका पुरो आयकूचो आसा. निवडणूक जाली, तां सोड. पट्टी बांदताना ते माका म्हणत, नर्सबाय, बरो जालंय काय फुडल्या जत्रेक तुज्या नावान गाराणां घालतलंय. ती जत्रा कांय येवंक ना."

तिला माहीत आहे, बाबा. कॅसेट माझ्याशिवाय कुणाकडे असणार? तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही, नाहीतर मला एव्हाना गावात पाऊल टाकता आलं नसतं. कदाचित आईच्या हातच्या चहासाठी सांगितलं नसेल. कदाचित तुमच्यासाठी. शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. ती तर मागायला आली होती. आणि मी तिला काय सांगितलं? म्हटलं, "कॅसेटीक बुरशी आयल्या गो बाय, वाजना." तिनं उरलेलं पाणी संपवलं. मग उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "वतात सुकत घाल थोडी. सुकली काय वाजतली." उन्हात घाल म्हणून सांगून गेली. जखमेवर काय लावायचं ते सांगायची, त्याच आवाजात.

कॅसेटला बुरशी नाही. इथं टेबलावर आहे, तुमच्या टेपरेकॉर्डरशेजारी. झाकण अजून नाहीच. हे पत्र लिहून झाल्यावर ते तुमच्या फोटोमागं ठेवीन असं आधी वाटत होतं, पण घरात कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणून इथंच खालच्या खणात जाईल. उद्या तिच्याकडे जाईन, पूर्ण गाऱ्हाणं तिच्यापुढे लावीन आणि मोरीच्या वेळी सांगितलं तसं सांगेन, असं लिहायचा मोह होतोय. तुम्ही शेजारी उभे नाही, त्यामुळे लिहीत नाही.

एवढंच सांगतो. मघाशी, लिहायला बसण्यापूर्वी, मी टेप लावला. म्हटलं, निदान एकदा शेवटपर्यंत ऐकू. तुमचा आवाज आला, मागं घंटा, लोकांची चुळबुळ, आईनं कुणाला तरी हळूच दटावल्याचा आवाजसुद्धा आला. तुम्ही डोंगराच्या वाक्यावर आलात. "ज्येच्या मनात ह्यो डोंगर विकूचो आसा" म्हणालात, आणि माझं बोट आपोआप बटणावर गेलं. पुन्हा त्याच जागी थांबवलं तुम्हाला, बाबा. टेप अजून तिथंच आहे.